जखमेनंतरचे आयुष्य आणि क्षमेचा अधिकार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा मनःपूर्वक आभारी आहे. पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करणारी भाषणे आपण ऐकणारच आहात. मी मात्र एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. एखाद्या हिंस्र प्राण्याच्या हल्ल्यातून जो माणूस वाचतो, त्याचे पुढे काय होते? त्याचे शरीर कसे सावरते, मन कसे सावरते, आणि जे घडले त्याचा अर्थ तो कसा लावतो? अहिंसा हा ज्या समाजाचा प्राण आहे, त्या समाजाने या प्रश्नाचा विचार अगत्याने केला पाहिजे, असे मला वाटते.

प्रारंभ मी शार्क माशापासून करणार आहे. आपल्या खानदेशाला समुद्र नाही, हे खरे. आपली तापी भुसावळ, अमळनेर, शिरपूर या तालुक्यांतून वाहत जाऊन सुरतेजवळ सागराला मिळते, आणि तो सागर आपल्यापैकी अनेकांनी सहलीपुरताच पाहिलेला असतो. परंतु शार्क ही केवळ परदेशी चित्रपटांतील गोष्ट नव्हे. मुंबईकडचे कोळी बांधव ज्याला मुशी म्हणतात आणि मालवण-गोव्याकडे ज्याला मोरी म्हणतात, तो मासा याच कुळातला. या कुळातील काही मोठे मासे खाडीतून नदीच्या पाण्यातही वर येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोर गावाजवळ, वैतरणेच्या खाडीत, मासेमारीसाठी उतरलेल्या एका तरुणाच्या डाव्या पायाचा लचका अशाच एका माशाने तोडला. तो तरुण वाचला. मासा मात्र मेला.

अशा घटनांच्या बातम्या आपण वाचतो. माशाची लांबी किती, वजन किती, तो खाडीत आला कसा, हे सर्व त्यांत असते. परंतु त्या माणसाने पहिल्यांदा आपल्या पायावरची पट्टी उघडलेली पाहिली तेव्हा त्याला काय वाटले, घरातल्या चुलीचे पुढे काय झाले, पुन्हा पाण्यात उतरण्याचे धैर्य त्याला झाले का, हे सहसा आपल्यापर्यंत पोचत नाही. प्राण वाचला की बातमी संपते. माणसाची खरी परीक्षा मात्र तेथूनच सुरू होते.

आपल्या भागात शार्कची जागा बिबट्याने आणि सापाने घेतलेली आहे. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या खोऱ्यात, एका बिबट्याने काही महिने जी दहशत माजवली होती ती येथील अनेकांना स्मरत असेल. त्यात अनेकांचे प्राण गेले. स्त्रिया आणि मुलेही त्यात होती. अखेर डिसेंबर २०१७ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. सर्पदंशाचे प्रमाण तर याहून कितीतरी मोठे आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, सर्पदंशाने जितके मृत्यू होतात त्याच्या सुमारे तिप्पट लोकांना एखादा अवयव गमवावा लागतो किंवा अन्य स्वरूपाचे कायमचे अपंगत्व येते. म्हणजे आपल्या केळीच्या बागांत, कपाशीच्या शेतांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर असे वाचलेले लोक आपल्या शेजारीच राहत आहेत. आपण त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहिलेले नाही, एवढेच.

प्रथम शरीराचा विचार करू. शार्कच्या हल्ल्यात मृत्यू येतो तो बहुधा रक्तस्रावामुळे. ३१ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकेतील हवाई बेटांवर बेथनी हॅमिल्टन या तेरा वर्षांच्या मुलीचा डावा हात एका टायगर शार्कने खांद्याजवळून तोडला. ती लाटांवर फळीने स्वार होण्याच्या खेळातील होतकरू खेळाडू होती. सोबत असलेल्या मैत्रिणीच्या वडिलांनी तिचा दंड घट्ट आवळून रक्त थांबवले, म्हणून ती रुग्णालयापर्यंत पोचू शकली. तेथे त्या सकाळी तिच्या वडिलांचीच गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती. वडिलांना बाजूला करून त्याच शस्त्रक्रियागृहात मुलीला घेण्यात आले. येथे जाता जाता एक सावधगिरी सांगतो. हातापायातून रक्ताची धार लागली असता असे आवळणे प्राण वाचवते. सर्पदंशात मात्र दोरी वा पट्टी आवळून बांधू नये. त्याने अवयव गमावण्याचा धोका वाढतो. तेथे हालचाल कमीत कमी ठेवून तातडीने रुग्णालय गाठणे, हाच उपाय.

रक्त थांबले, टाके पडले, जखम भरली, म्हणजे शरीर बरे झाले असे नव्हे. ज्याचा पाय गेला त्याला पुन्हा उभे करावे लागते. या बाबतीत आपल्या देशाने जगाला एक मोठी देणगी दिली आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून जो कृत्रिम पाय घडवला, तो 'जयपूर फूट' म्हणून प्रसिद्ध झाला. परदेशी पाय बुटात घालण्यासाठी बनवलेले असत. आपला शेतकरी अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात आणि पाण्यात उतरतो. या सर्व गोष्टी करता येतील असा पाय रबराने आणि साध्या साहित्याने तयार झाला. १९८१ साली अपघातानंतर पाय गमावलेल्या नृत्यांगना सुधा चंद्रन याच पायावर १९८४ मध्ये मुंबईत पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

या पायाला घरोघरी पोचवणारी संस्था म्हणजे 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती'. १९७५ साली श्री. देवेंद्रराज मेहता यांनी तिची स्थापना केली. तिचा उगमही एका जखमेतच आहे. मेहता हे राजस्थानात प्रशासकीय अधिकारी होते. १९६९ मध्ये पोखरणजवळ मोटारीच्या भीषण अपघातात त्यांच्या पायाचा चुराडा झाला. पाय कापावा लागेल अशीच भीती होती. पाय वाचला, परंतु त्या अंथरुणावर त्यांना एक प्रश्न पडला. माझ्याजवळ साधने होती म्हणून माझ्यावर चांगले उपचार झाले, ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे काय? त्या प्रश्नातून ही संस्था उभी राहिली. तिने लाखो लोकांना विनामूल्य पाय दिले, आणि २०२५ मध्ये तिलाही पन्नास वर्षे पूर्ण झाली. आपण आज सुवर्णमहोत्सव साजरा करीत असताना या संस्थेचे स्मरण करणे उचित ठरेल.

आता मनाकडे वळू. शरीराची जखम दिसते, तिला मुदत असते. मनाची जखम दिसत नाही आणि तिला मुदतही नसते. हल्ल्यातून वाचलेला माणूस रात्री दचकून उठतो. उसाचे पाते सळसळले की त्याचा श्वास अडकतो. ज्या बांधावर घटना घडली त्या बांधाकडे तो जाईनासा होतो, पुढे शेतातच जाईनासा होतो. कधी तो चिडचिडा होतो, कधी अगदी गप्प. घरचे म्हणतात, 'आता तर बरा झालास, मग असे काय करतोस?' अशा अवस्थेला वैद्यकशास्त्राने स्वतंत्र आजार म्हणून १९८० साली मान्यता दिली. भित्रेपणाशी किंवा भूतबाधेशी तिचा काहीही संबंध नाही. धोका टळला आहे, हे मनाच्या एका खोल कप्प्याला अद्याप कळलेले नसते, इतकेच. त्यावर उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून मराठीतही बोलता येते.

ज्यांचा अवयव गेला त्यांना आणखी एक विलक्षण दुःख सोसावे लागते. जो पाय उरलेलाच नाही त्या पायाच्या बोटांत कळा येतात, तळव्याला खाज सुटते. रुग्ण हे सांगायला संकोचतो. लोक वेडे म्हणतील अशी त्याला भीती वाटते. मेंदूतील त्या पायाचा नकाशा अजून पुसला गेलेला नसतो, म्हणून असे होते. विलयनूर रामचंद्रन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर एक साधा उपाय शोधला. त्यांनी रुग्णासमोर आरसा अशा रीतीने ठेवला की, शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसावे. रुग्ण शाबूत हात हलवतो, दोन्ही हात हलताना पाहतो, आणि अनेकांच्या वेदना त्यामुळे कमी होतात. एका आरशाने जे साधते ते पाहिले म्हणजे वाटते, वेदना ऐकून घेणारा आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा कोणीतरी असणे, हीच उपचाराची सुरुवात आहे.

भीती हळूहळूच जाते. टाळत राहिले की ती वाढते, थोडे थोडे सामोरे गेले की कमी होते. बेथनी महिन्याभरातच पुन्हा लाटांवर गेली. एका हाताने तोल सावरता यावा म्हणून तिच्या फळीला धरायला मूठ बसवण्यात आली, आणि २००५ मध्ये तिने आपल्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मात्र प्रत्येकाला महिन्यात जमेल असे नाही. कोणाला वर्ष लागेल. शेतात पहिल्या दिवशी बांधापर्यंत, दुसऱ्या आठवड्यात विहिरीपर्यंत, असे कोणी सोबत चालले, तर तोही एक दिवस एकटा मोटर सुरू करायला जाईल.

भीती घालवण्यासाठी ज्ञानाचीही मदत होते. प्राण्याने हल्ला का केला हे कळले की तो राक्षस राहत नाही, पुन्हा प्राणी होतो. जगभरात माणसाने न डिवचता शार्कने चावे घेतल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात; त्यांत मृत्यू थोडेच असतात. उलट, माणूस दरवर्षी सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडला. बिबट्याच्या बाबतीत विद्या अत्रेय यांचे महाराष्ट्रातील संशोधन फार मोलाचे आहे. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचे प्रयोग झाले, तेव्हा माणसांवरील हल्ले घटण्याऐवजी वाढले. वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरापर्यंत गेले. याउलट अकोले परिसरात उसाच्या शेतांतून बिबट्यांची संख्या चांगली मोठी असूनही त्यांच्या अभ्यासकाळात माणसांवर प्राणघातक हल्ले आढळले नाहीत. घर हरवलेला, बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक असतो, हा त्यातील बोध. माणसाच्या बाबतीतही हे खरे नाही का?

आता मी विषयाच्या गाभ्याशी येतो. शरीर आणि मन सावरू लागले की वाचलेल्या माणसाला एक प्रश्न छळू लागतो. 'हे माझ्याच वाट्याला का?' या प्रश्नाला आपल्या समाजात एक तयार उत्तर असते, आणि तेथेच आपण सावध राहिले पाहिजे. भेटायला आलेला कोणी सहज बोलून जातो, 'काय करणार, पूर्वजन्मीचे कर्म!' बोलणाऱ्याच्या मनात सहानुभूतीच असते. पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? त्याला ऐकू येते की, पाय गेला तो गेलाच, आणि वर अपराधही माझाच.

बंधू-भगिनींनो, कर्मसिद्धांत हा आपल्या तत्त्वज्ञानाचा कणा आहे. त्याविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु तो सिद्धांत मला माझ्याकडे पाहण्यासाठी दिलेला आहे. शेजाऱ्याच्या खात्याचा हिशेब वाचण्यासाठी तो नाही. कोणत्या कर्माचा उदय कोणत्या क्षणी झाला हे केवलज्ञानीच जाणू शकतात. आपण सारे छद्मस्थ जीव. आपल्याला स्वतःच्या कालच्या रागाचे कारण सांगता येत नाही, आणि आपण दुसऱ्याच्या गेलेल्या पायाचे कारण सांगायला निघतो! दुःखी माणसाजवळ बसताना त्या माणसाच्या कर्माची चर्चा करू नये. त्या क्षणी माझे कर्तव्य काय, एवढाच प्रश्न आपण स्वतःला विचारावा. पाणी देणे हे उत्तर असेल तर पाणी द्यावे, गप्प बसणे हे उत्तर असेल तर गप्प बसावे.

मग 'मीच का?' या प्रश्नाचे काय करायचे? ज्यांनी तो प्रश्न स्वतः भोगला त्यांचे अनुभव पाहू. ऑस्ट्रेलियात व्हाल प्लमवूड नावाच्या एक तत्त्वचिंतक विदुषी होऊन गेल्या. फेब्रुवारी १९८५ मध्ये काकाडू राष्ट्रीय उद्यानात त्या एकट्याच होडीतून फिरत असताना मगरीने त्यांच्यावर हल्ला केला. त्यांना जबड्यात धरून मगरीने तीन वेळा पाण्याखाली गरगरवले. मांडीला खोल जखम झालेली असतानाही त्या काठावर चढल्या आणि कित्येक तास सरपटत राहिल्या. शेवटी उद्यानाच्या रक्षकाने त्यांना शोधले. त्या मगरीला शोधून गोळी घालावी असे बोलणे निघाले, तेव्हा प्लमवूड यांनीच त्यास ठाम विरोध केला. त्या म्हणत की, घुसखोरी माझ्याकडून झाली होती, ते घर मगरीचे होते. पुढे त्यांनी या अनुभवावर जे लेखन केले त्याचा आशय असा की, माणूस स्वतःला सृष्टीच्या बाहेरचा मालक समजतो, पण त्या क्षणी मला कळले की मीही इतर जीवांसारखाच एक जीव आहे. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या बारा भावनांपैकी अनित्य आणि अशरण या भावनांचे चिंतन आपण आयुष्यभर करतो. जैन परंपरेशी संबंध नसलेल्या या बाईंना नदीच्या चिखलात नेमका तोच बोध झाला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील पत्रकार डेबी सॅलमोन यांचे. २००४ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर शार्कने त्यांच्या टाचेवरची शीर तोडली. त्या पर्यावरणविषयक लेखन करणाऱ्या, आणि तरीही प्रारंभी त्यांच्या मनात शार्कविषयी सूडाचीच भावना होती. ती त्यांनी लपवली नाही. काही काळाने त्यांना वाटले की, ज्या सृष्टीवर मी प्रेम करते असे म्हणत होते, त्या प्रेमाची ही परीक्षा आहे. त्यांनी हल्ल्यातून वाचलेल्या इतरांना शोधून काढले. कोणाचा हात गेलेला, कोणाचा पाय. २००९ मध्ये ही मंडळी वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींना भेटली आणि पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात गेली. त्यांची मागणी होती की, शार्कची निर्घृण कत्तल थांबवा. केवळ पंख कापून घेऊन जिवंत मासा समुद्रात फेकून देण्याच्या क्रूर प्रथेला आळा घालणारा कायदा अमेरिकेत जानेवारी २०११ मध्ये संमत झाला. त्याच वाटेवरचे आणखी एक जुने प्रवासी म्हणजे ऑस्ट्रेलियाचे रॉडनी फॉक्स. ८ डिसेंबर १९६३ रोजी पांढऱ्या शार्कने त्यांची छाती व हात फाडले; साडेचारशेहून अधिक टाके पडले. त्यांनी पुढे पाण्याखाली पिंजऱ्यात उभे राहून शार्क न्याहाळण्याची पद्धत रूढ केली आणि त्या माशाच्या रक्षणासाठी आयुष्य वेचले.

या तिघांत मला एक समान धागा दिसतो. त्यांना 'मीच का?' याचे उत्तर मिळाले असे नाही. त्यांनी तो प्रश्न हळूहळू बदलला. 'आता माझ्या हातून काय व्हावे?' असा तो झाला. मेहतांचाही प्रश्न असाच बदलला होता. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अशा अनेक लोकांचा अभ्यास केला. मोठ्या आघातानंतर काही माणसांना आप्तांचे मोल नव्याने कळते, स्वतःतील बळ कळते, जीवनाला नवी दिशा मिळते, असे त्यांना आढळले. पण त्यांनी हेही बजावले आहे की, ही वाढ वेदनेसोबतच होते, वेदना संपल्यामुळे नव्हे. आणि ती कोणावर लादता येत नाही. 'यातून काहीतरी चांगलेच होईल' असे रुग्णाला पहिल्याच आठवड्यात सांगणे म्हणजे पेरणीच्या दिवशी कणीस मागण्यासारखे आहे.

क्षमेचेही तसेच आहे. चंडकौशिक नागाची कथा आपणा सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. श्वेतांबर परंपरेतील चरित्रांत ती येते. त्या विषारी नागाने भगवान महावीरांना दंश केला आणि भगवंतांनी त्याला करुणेने उपदेश केला. नाग शांत झाला, बिळात तोंड घालून पडून राहिला. मुंग्यांनी अंग पोखरले तरी त्यांना इजा होऊ नये म्हणून हलला नाही. या कथेतील एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. क्षमा कोणी केली? ज्यांच्या पायाला दंश झाला त्यांनी केली. दूर उभे राहून पाहणाऱ्या गावकऱ्यांनी केलेली नाही.

आपण अहिंसेचे उपासक आहोत. बिबट्याला मारू नये असे आपल्याला मनापासून वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या आईचे लेकरू बिबट्याने नेले, तिच्यासमोर जाऊन 'ताई, त्या मुक्या जिवाला क्षमा कर' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. शहरातील पक्क्या घरात दार लावून झोपणाऱ्याची क्षमा फार स्वस्त असते. तिची किंमत पाड्यावरचा माणूस मोजतो. क्षमा ही जखमी माणसाची मालमत्ता आहे. ती त्याने द्यावी, त्याच्या वेळेने द्यावी, किंवा न द्यावी. आपले काम एवढेच की, त्याला क्षमा करणे शक्य होईल अशी परिस्थिती त्याच्याभोवती निर्माण करावी. ज्याच्या घरात चूल पेटते, ज्याच्या मुलीची शाळा सुटलेली नाही, ज्याच्या गोठ्याला भक्कम दार आहे आणि वाटेवर दिवा आहे, त्याच्या मनातले वैर ओसरण्याला जागा मिळते. संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी आपण सर्व जीवांशी मैत्रीची भावना करतो. त्या 'सर्व जीवां'त बिबट्या आहे, साप आहे, आणि त्यांनी जखमी केलेला माणूसही आहे. त्या माणसाला वगळून केलेली जीवदया अपुरी राहील.

शासन आपल्या परीने मदत करते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास द्यावयाची रक्कम महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये २५ लाख रुपये केली. कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात लाख आणि गंभीर जखमेसाठी पाच लाख रुपयांची तरतूद झाली. परंतु त्यासाठी वनविभागाला वेळेत कळवणे, पंचनामा, वैद्यकीय प्रमाणपत्र, बँकेचे खाते हे सर्व करावे लागते. ज्याचा हात प्लॅस्टरमध्ये आहे आणि घरात लिहिता-वाचता येणारे कोणी नाही, त्याने हे कसे करावे? आणि पैसे आले तरी रात्रीची झोप पैशाने येत नाही.

म्हणून आपल्या ट्रस्टसारख्या संस्थांपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. अपघात झाला की आपण धावून जातो, फळे देतो, रोख मदत देतो, छायाचित्र निघते. आठवड्यानंतर मात्र त्या घरी कोणी फिरकत नाही. खरी गरज तर पुढे वर्षभर असते. आपल्या तरुण मंडळाने आणि महिला मंडळाने अशी एक पद्धत सुरू करावी की, परिसरात प्राण्याच्या हल्ल्यातून किंवा सर्पदंशातून कोणी वाचला, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, तर दोन स्वयंसेवकांनी त्या कुटुंबाशी एक वर्षभर संबंध ठेवावा. पहिल्या महिन्यात कागदपत्रे पूर्ण करून द्यावीत. जखम भरल्यावर, गरज असेल तर, कृत्रिम अवयवाच्या शिबिरात घेऊन जावे. झोप लागत नसेल, धसका गेला नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे सोबत करावी आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही हे घरच्यांना समजावून सांगावे. वर्षाच्या शेवटी त्याच माणसाला विचारावे की, तुमच्यासारखाच दुसरा कोणी दवाखान्यात आहे, त्याला भेटायला आमच्याबरोबर याल का? माझी खात्री आहे, बहुतेक जण येतील. ज्याने स्वतः सोसले त्याचा शब्द नव्या रुग्णाला जसा लागू पडतो तसा आपल्यापैकी कोणाचाही पडणार नाही. आणि दुसऱ्याच्या खाटेशी बसताना त्या माणसाला स्वतःच्या जखमेचा अर्थ गवसण्याची शक्यता फार मोठी आहे.

यासाठी इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. सातत्य लागते. आपल्या शास्त्रांनी सेवेला, वैयावृत्त्याला, तपाच्या अंतरंग प्रकारांत स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे. उपवास एका दिवसाचा असतो, अठ्ठाई आठ दिवसांची असते. एका अनोळखी माणसाची वर्षभर चौकशी करणे हे त्याहून कठीण तप आहे. पन्नास वर्षे ज्या संस्थेने समाजाचा विश्वास सांभाळला तिला हे अवघड जाऊ नये.